फळीवरचं घर

माळवाडी, ता. फलटण
१६ नोव्हेंबर २०२४

क्रांती,

आधी आशीर्वाद घे आणि मग वाच. तुळशीची लग्नं लागली, आता माणसांची सुरू होतील, म्हणून घाईनं लिहायला बसले. मावशीनं फोन का केला नाही म्हणशील. माझे कान पार गेलेत, समोरच्यानं मोठ्यांदा बोललं तर कळतं, फोनवर नाही. पलीकडचं माणूस ओरडतं, मी "काय?" म्हणून त्याच्याहून मोठ्यांदा ओरडते, आणि घरातली गोष्ट शेजारच्या रानात पोचते. मेसेज करायचा तर मोबाईल ऋषिराजकडं असतो, आणि त्याला हे कळायला नको आहे. पत्राची मला सवय आहे. तुझे काका फौजेत होते तोवर आमचा सगळा संसार पत्रावरच झाला.

काम असं आहे. ऋषिराजला पस्तिसावं लागलं. शिरवळच्या कंपनीत नोकरी, घरचा ऊस, सुपारीच्या खांडाचंसुद्धा व्यसन नाही, तरी मुलगी मिळत नाही. हल्ली मुलीकडचे आधी घर बघतात आणि मग मुलगा. आपलं नवं घर बांधून झालं आहे, पण भिंती पांढऱ्याफटक आणि खोल्या मोकळ्या. पाहुणा आत उभा राहिला की आवाज घुमतो आणि चहा येईपर्यंत त्याचं मन फिरतं.

तुझी आई सांगायची की तू फळीवर रंगाचे, कापडाचे, लाकडाचे तुकडे चिकटवून घर पुढं कसं होणार ते गिऱ्हाइकाला दाखवतेस. तशी एक फळी मला करून दे. सून आल्यावर घर असं होणार, एवढं पाहुण्यांच्या डोळ्यांना दिसलं पाहिजे. घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून म्हणतात. माझं पहिलं झालं, दुसऱ्यापाशी अडलं आहे.

तुझी राहीमावशी


सांगली
२८ नोव्हेंबर २०२४

मावशी,

पाया पडते. तुझं पत्र मिळालं तेव्हा मी एका गिऱ्हाइकाशी पडद्याच्या रंगावरून दोन तास डोकं लावून आले होते. तुझं अक्षर बघून बरं वाटलं.

तू फळी म्हणतेस त्याला आम्ही कन्सेप्ट बोर्ड म्हणतो. ते घराचं चित्र नसतं गं. घरात शिरल्यावर जिवाला कसं वाटलं पाहिजे, गार की उबदार, मोकळं की कुशीत घेतल्यासारखं, ते त्यावर ठरवायचं. सोफा, कपाटं नंतर. पण ऐकतो कोण? लोक मोबाईलमधलं हॉटेल दाखवतात आणि म्हणतात, असंच करून द्या. मी मान हलवते आणि करून देते. यांचं कुपवाडचं फर्निचरचं वर्कशॉप त्यावरच चालतं. मी थकले आहे मावशी, पण ते असू दे.

बोर्ड एस.टी.च्या पार्सलनं पाठवते आहे. भिंतीला मोतिया रंग, कपाटांना सागाच्या रंगाचा सनमायका, पडदा शेवाळी. कोपऱ्यात पितळेच्या कडीचा एक नमुना लावला आहे. मुलगी ठरली असेल तर तिचं नाव आणि तिला काय आवडतं ते कळव, म्हणजे त्याप्रमाणे बदलता येईल.

माझ्या घराचं विचारशील तर महापुरानंतर आम्ही कमरेच्या खाली काही ठेवतच नाही. प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि माळ्यावर गाठोडी. लोकांच्या घरांचे मूड ठरवणाऱ्या बाईचं घर हे असं आहे.

क्रांती


माळवाडी
२२ डिसेंबर २०२४

क्रांती,

फळी पोचली. देखणी आहे. नव्या घराच्या हॉलमध्ये खिळा मारून लावली आणि हळदकुंकू वाहिलं. हसू नकोस, घरातली पहिली वस्तू ती.

मुलगी ठरलेली नाही. मी तसं कुठं लिहिलं होतं? तीन ठिकाणचे पाहुणे येऊन गेले. पहिल्या मुलीच्या चुलत्यानं तो सागाचा तुकडा नखानं खरवडून बघितला. "ह्ये खरं सागवान न्हाई," म्हणाला. मी म्हटलं, "आवं, ह्यो नमुना हाय." तर म्हणतो, "मग घर बी नमुनाच म्हणायचं का?" ते स्थळ गेलं. दुसऱ्या मुलीच्या आईला शेवाळी रंग म्हणजे विहिरीतल्या पायऱ्या वाटल्या. तिसरे लोक बरे होते, पण ते गेल्यावर बघते तर पडद्याचा तुकडा गायब. मुलीच्या मामीनं पर्समध्ये टाकला असणार. आवडल्याचं लक्षण म्हणून मी वाट बघत बसले, पण त्यांचा निरोप आला नाही.

आता दुसरी फळी कर. जांभळट रंगाची फॅशन आहे म्हणतात. टीव्हीच्या मागं भिंतीला काहीतरी चकचकीत असतं, तेही लाव. आणखी एक. आपल्या भागात लग्नं जमवणारे नानासो आहेत, ते म्हणाले, "मावशी, फळी माज्याकडं द्या, फोटोसंगं आदीच दावून येतो." जुनी फळी त्यांना दिली आहे.

तू थकले म्हणून लिहिलंस. कामानं थकलीस की माणसांनी? कामाचा थकवा झोपेनं जातो.

राहीमावशी


सांगली
९ जानेवारी २०२५

मावशी,

माणसांनी.

दुसरा बोर्ड पाठवला आहे. जांभळट, चकचकीत, तुला हवा तसा. हात लावताना माझ्या जिवावर आलं होतं. जी बाई कोण हे तुलाही ठाऊक नाही आणि मलाही नाही, तिला या घरात कसं वाटावं हे मी ठरवते आहे. गिऱ्हाईक समोर असलं की निदान भांडता तरी येतं.

ऋषिराजला काय आवडतं ते तू एकदाही लिहिलं नाहीस. तुझं तर नाहीच नाही. स्लॅब पडला तेव्हा मी आले होते, त्यानंतर येणं झालं नाही. वास्तुशांत कधी केलीस तेही कळलं नाही, गुपचूप उरकलीस वाटतं. तुम्ही दोघं आत कसे राहता, कुठली खोली कुणाची, कुठं जेवता, काही तरी कळव. त्यावरून मला जास्त नीट करता येईल.

आणि नानासोंकडचा बोर्ड आधी परत घे. तो हातोहात फिरायची वस्तू नाही.

क्रांती


माळवाडी
१४ फेब्रुवारी २०२५

क्रांती,

तुझं ऐकायला हवं होतं. तोंड दाखवायला जागा उरली नाही.

नानासोंनी आपली फळी आणखी तीन मुलांसाठी दाखवली. एक कोरेगावचा, एक दहिवडीकडचा, एक कुठला ते मला अजून समजलं नाही. ज्याचा फोटो, त्याचं घर. बोरगावच्या पाहुण्यांकडं आपलं जवळजवळ जमलं होतं, मुलगी शिकलेली, बोलायला गोड. बैठकीला मी दुसरी फळी काढली तर मुलीचा भाऊ म्हणाला, "पयली कुठाय? मोतिया रंगाची?" मी म्हटलं ती नानासोंकडं आहे. तो म्हणाला, "ती आमाला कोरेगावच्या पोराचं घर म्हणून दावलीया. आता ही कुणाच्या घराची?" सगळी बैठक हसली. ऋषिराज उठून बाहेर गेला आणि गाडीला किक मारून थेट कंपनीत गेला. सुट्टी होती त्याची.

नानासोंना बोलले तर ते म्हणतात, "मावशी, सगळ्यांची नवी घरं आतनं सारकीच असत्यात, कुणाचं काय बिघडलं?" या माणसाला काय बोलायचं?

फळी तू हौसेनं पाठवलीस एवढंच ऋषिराजला सांगितलं होतं, आता त्याला सगळं कळलं आहे. माझ्याशी धड बोलत नाही. ऊसतोड चालू आहे, मी तिकडंच असते.

राहीमावशी


सांगली
२३ फेब्रुवारी २०२५

मावशी,

वाचून आधी हसले आणि मग रडू आलं. नानासो खोटं बोलले, पण त्यांचं एक खरं आहे. आम्ही करतो ती घरं आतून सारखीच असतात. सांगलीत मी गेल्या वर्षी तोच मोतिया रंग किती घरांना दिला असेल, मला आठवतसुद्धा नाही.

आता पाहुण्यांसाठी बोर्ड नाही. तुझ्यासाठी करते. मी नवीन गिऱ्हाइकाला एकच प्रश्न विचारते आणि बहुतेकांना त्याचं उत्तर देता येत नाही. दिवसात तुझ्या हाताला काम नसतं अशी वेळ कुठली, आणि तेव्हा तू घरात कुठं बसतेस? तेवढं लिही. बाकी मी बघते.

क्रांती


माळवाडी
४ मार्च २०२५

क्रांती,

मला कसली फळी? तरी विचारलंस म्हणून सांगते. सकाळी धारा काढून झाल्या की थोडा वेळ दारात बसते. पाठीला पत्रा तापलेला असतो, तो टेकला की कंबर मोकळी होते. समोर गाय दिसते. खोकला आहे, पण तो हवेचा आहे.

राहीमावशी


शिरवळ
१८ मार्च २०२५

ताई,

तुझा मेसेज आला, "नव्या घराला पत्रा कुठून आला?" मोबाईलवर एवढं लिहायचं होईना, म्हणून कंपनीच्या कँटीनमध्ये कागद घेऊन बसलो आहे. नानासोंकडची मागून आणली आणि दोन्ही फळ्या पार्सलनं तुला परत पाठवल्या आहेत. रागावू नको.

आम्ही नव्या घरात राहत नाही. जुनं पाडून बांधलेलं हे घर पुरं होऊन दोन वर्षं झाली. तेव्हापासून आई गोठ्याला लागून जी पत्र्याची खोली होती, बांधकामाचं सिमेंट ठेवायची, तिच्यात झोपते. मीही तिथंच. नव्या घराला कुलूप. दर आठवड्याला ती ते उघडते, फरशी पुसते, परत कुलूप घालते. पाहुणे यायचे असले की उघडते, आणि पाहुण्यांना आम्ही आत राहतो असंच वाटतं.

कारण वास्तुशांत झालेली नाही. पूजेला जोडपं लागतं. वडील नाहीत, म्हणजे आई बसू शकत नाही असं ती म्हणते, आणि मी एकटा. सून आली की दोघं बसतील, मग आत जायचं, हे तिनं पक्कं केलं आहे. मी किती वेळा म्हटलं, "आई, चल गं आत, लोकं काय पूजेत राहत्यात व्हय?" ती ऐकू येत नाही असं दाखवते. मी एकटा आत जाऊन झोपू शकतो, चावी खुंटीलाच असते. पण ती पत्र्यात आणि मी स्लॅबखाली, हे कसं करू?

थंडीत तिला न्यूमोनिया झाला होता, लोणंदला सलाईन लावलं. तुला कळवू नको म्हणाली होती. मला लग्न नको असं नाही ताई. पण दर रविवारी चांगला शर्ट घालून चहाचा ट्रे धरायचा आता कंटाळा आला आहे. ती वाट बघते ती माझ्यासाठी, हे समजतं, म्हणून बोलताही येत नाही.

ऋषिराज


सांगली
२१ मार्च २०२५

मावशी,

मला ऋषिराजनं सगळं सांगितलं. मीच विचारलं होतं, त्याला बोलू नको.

मी इथं बसून रंगाचे तुकडे चिकटवत होते आणि तू सिमेंटच्या खोलीत खोकत होतीस. मला तुझा राग आला आहे आणि माझाही. घरात कसं वाटावं हे शिकवून मी पोट भरते, आणि ज्या घरात कुणी राहतच नाही त्याचे दोन बोर्ड मी केले.

पूजेला जोडपं लागतं तर तुझे धाकटे दीर आणि जाऊ आक्काताई आहेत की. त्या नाही म्हणणार नाहीत. त्यांना बसव, पूजा उरक आणि पाडव्याला आत जा. सोबत लहान बोर्ड पाठवते आहे, तुझ्या खोलीचा. त्यावर फारसं काही नाही. उगवतीकडची खिडकी, तिच्याखाली पाठ टेकायला लाकडी दिवाण आणि भिंतीला ताकासारखा पांढरा रंग. एवढं यांच्याकडून आठवड्यात करून घेते.

क्रांती


माळवाडी
११ एप्रिल २०२५

क्रांती,

फळी परत पाठवली आहे. पाडवा झाला आणि आम्ही आहोत तिथंच आहोत.

तू शहाणी आहेस, पण एक तुला कळलं नाही, ते सांगते. दीर-जाऊ कधीच तयार आहेत. भटजीही म्हणाले चालतं. मलाच चालत नाही. ज्या पाटावर माझा मुलगा आणि त्याची बायको बसायची, तिथं मी दुसरं जोडपं बसवलं, तर माझ्या तोंडानं मी कबूल केलं की याचं आता होणार नाही. सगळं गाव ते म्हणतंच. भावकी म्हणते, दुकानदार म्हणतो. एक मी म्हणत नाही. मीही म्हटलं तर त्या पोराच्या बाजूला कोण उरलं?

खोकला सोसता येतो. तुझ्या खिडकीसाठी एवढं सोडायला सांगू नको.

राहीमावशी


सांगली
१९ एप्रिल २०२५

मावशी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. आता काही सांगणार नाही आणि बोर्डही करणार नाही. उन्हाचं पत्र्यात निजू नको, दुपारी निदान झाडाखाली बस. औषधं वेळेवर घे.

क्रांती


माळवाडी
१२ मे २०२५

क्रांती,

सावकाश वाच. मीही सावकाश लिहिते आहे.

अक्षय्य तृतीयेनंतर वडूजकडचं एक स्थळ आलं. मुलीचं नाव पूजा, दवाखान्यात नर्स आहे. घर बघून झालं, फळीबिळी काही नव्हती, तरी सगळे खूश दिसले. चहा झाल्यावर ती मुलगी हात धुवायला म्हणून मागं गेली आणि बराच वेळ आलीच नाही. मी बघायला गेले तर ती आमच्या पत्र्याच्या खोलीत उभी. माझं अंथरूण, औषधाच्या बाटल्या, खुंटीवरची लुगडी सगळं तिनं बघितलं होतं. मला विचारलं, "हितं कोण ऱ्हातं?" मी खोटं बोलू शकले नाही.

तिनं माझ्या कानाशी तोंड आणलं, सगळं नीट ऐकू यावं म्हणून. "मावशी, एवढं घर रिकामं आन् आई पत्र्यात? जो पोरगा आईला आत घेत न्हाई, त्यो मला कुठं ठिवंल?"

मी म्हटलं, "अगं, त्यानं नाही ठेवलं. मी राहिले. तुझ्यासाठीच राखलंय." ती म्हणाली, "कुणाचं तरी हाल करून राखलेलं मला नगं." पाया पडली आणि गेली. चांगली मुलगी होती.

तिच्या माणसांनी वाटेत चारचौघांना सांगितलं असणार. दुसऱ्या दिवशी दुकानात मला बघून बोलणं थांबलं. आक्काताईंनी हातवारे करून समजावलं, लोक म्हणताहेत ऋषिराजनं म्हातारीला गोठ्यात घातलं. क्रांती, गावात एक मी त्याच्या बाजूला आहे असं मी तुला लिहिलं होतं. आणि त्याचं नाव मीच घालवलं, रोज त्या पत्र्यात निजून.

ऋषिराज रात्रपाळीला गेला होता. सकाळी धारा काढल्या, चावी घेतली आणि नवं घर उघडलं. भटजी नाही, पाट नाही, जोडपं नाही. ओट्यावर शेगडी ठेवली, दूध तापवलं आणि उतू जाऊ दिलं. देवाला म्हटलं, तुला चालत नसेल तर तू तुझं बघ, मी दमले. मग माझं अंथरूण आणलं आणि त्याचंही आणलं. बाकी सामान अजून तिकडंच आहे. भिंती पांढऱ्याफटक आहेत, आवाज अजून घुमत असेल, मला काही ऐकू येत नाही ते बरं आहे.

तो आला तो नेहमीसारखा पत्र्याकडं वळला. खोली रिकामी बघून धावत सुटला. त्याला वाटलं मला दवाखान्यात नेलं. मग त्याला मी दारात दिसले. पायातले बूट काढले, आत आला आणि मी अंथरूण टाकायच्या आत फरशीवरच आडवा झाला. गार फरशी, वर पंखा. बघता बघता झोपला.

उन्हाळ्यात पत्र्याखाली दिवसा कुणाला झोप लागते? दोन वर्षं हा पोरगा रात्रपाळी करून येतो, तापलेल्या पत्र्याखाली कुशी बदलतो आणि लाल डोळ्यांनी परत कामाला जातो. मी म्हणायचे, याला चिंता लागली आहे लग्नाची. आई असून मला एवढं कळलं नाही.

दुपार झाली, तो उठला नाही. जेवायलाही नाही. मी पडद्याच्या जागी माझं लुगडं खिडकीला बांधलं आणि त्याच्या उशाशी बसून राहिले. दिवस कलला आणि कंपनीची बस रस्त्यावर येऊन थांबली. मी त्याला उठवलं नाही. मीच उठून फाटकापर्यंत गेले आणि हात हलवून बसला जा म्हटलं. ड्रायव्हर खिडकीतून काही विचारत होता, आजारी आहे का असंच असणार.

मी सांगितलं, "न्हाई बाबा. घरी हाय."

राहीमावशी